अंबूबाईचा पूर्ण फोटो

मलकापूर, कराड
२० सप्टेंबर २०२४

ती. स्व. दादास,
चंदाचा सा. न. वि. वि. आणि जयजिनेंद्र.

तुझं क्षमावाणीचं कार्ड काल मिळालं. दरवर्षीसारखंच छापील, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करावी, खाली तुझी सही आणि पत्त्यात पिनकोड चुकलेला. पोस्टमनला आता सवय झाली आहे. माझ्याकडूनही उत्तम क्षमा. आता पुढच्या भाद्रपदापर्यंत आपण दोघं भांडायला मोकळे.

भांडणाचं निमित्त सोबत पाठवते आहे. पुठ्ठ्याच्या मध्ये सहा फोटो आहेत, सगळे कृष्णधवल, कराडच्या लॅबमधून आठ बाय दहाचे करून घेतलेले. जानेवारीत सांगलीला छायाचित्रकार मंडळाचं प्रदर्शन आहे, एका दालनात तुझे पन्नास वर्षांतले फोटो लागणार, दुसऱ्यात नव्या लोकांचे, आणि नव्यांची निवड तू करणार, हे मला तुझ्या सुनेकडून, सृष्टीकडून फोनवर कळलं. सख्ख्या भावानं सांगितलं नाही. पंधरा डिसेंबर ही शेवटची तारीख आहे म्हणे. बासष्टाव्या वर्षी मी नव्यात मोडते का, तेही कळव.

आमच्या लेकानं, गोमटेशनं माझ्या निवृत्तीला कॅमेरा दिला हे तुला ठाऊक आहे. पहिला महिनाभर तो कपाटात होता, हे ठाऊक नाही. तेरा वर्षांची असताना मी तुझ्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि तुझा अख्खा रोल जळाला. तू पाठीत धपाटा घातलास आणि अण्णांनी स्टुडिओतल्या डार्करूमचं दार मला कायमचं बंद केलं. त्यानंतर शाळेच्या गॅदरिंगचे फोटोसुद्धा मी दुसऱ्या बाईंना काढायला लावायची. आता दोन वर्षं झाली, रोज स्वतः काढते.

मला एवढंच हवंय की सांगलीच्या त्या भिंतीवर माझा एक फोटो लागावा. एकच. पण बहीण म्हणून नको. मोबाइलवर तू फोटो बघत नाहीस, विजेरीवर चिकटवलेलं चित्र म्हणतोस, म्हणून एवढा पोस्टाचा खटाटोप. नीट बघ आणि खरं काय ते लिही.

हे बरे आहेत. गुडघा दुखतो म्हणतात, पण माझ्या मागून कॅमेऱ्याचं स्टँड घेऊन हिंडतात. घरात सगळ्यांना जयजिनेंद्र. लोभ आहेच, त्यातला थोडा फोटोंकडेही वळव.

तुझी,
चंदा


मिरज
२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. चंदास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. पुठ्ठा चांगला वापरलास, कोपरे मोडलेले नाहीत. फोटो परत पाठवत आहे. सहाच्या सहाच्या मागे निळ्या पेन्सिलीनं ‘पुन्हा’ लिहिलं आहे. अण्णांच्या वेळेपासून नापास फोटोवर आपल्याकडे हा एकच शब्द लिहितात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. माझ्या पहिल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक फोटोवर तो होता.

घाटावरच्या फोटोत नदी डावीकडे सांडते आहे. पाणी कधी उतरतं नसतं, कॅमेरा सरळ धर. आठवडी बाजारातल्या तराजूच्या फोटोत पांढरं इतकं पांढरं आहे की वाण्याच्या सदऱ्याची शिवण दिसत नाही. जावईबापू पेपर वाचताना चांगले आहेत, पण त्यांच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला आहे. शाळेच्या पटांगणात पातेलं घासणारी बाई कोण? तिच्या पायाशी तुझी सावली पडली आहे. तशी आणखी दोन फोटोंत आहे. सूर्याकडे पाठ करून उभी राहतेस आणि स्वतःच चित्रात घुसतेस. फोटोग्राफरनं फोटोत असू नये, हे अण्णांचं पहिलं वाक्य होतं. तू तेव्हा दाराशी उभी राहून ऐकायचीस.

आणखी एक. फोटोंच्या मागे तुझं नाव नाही. नाव नसलेला फोटो कुणाचाही होतो. आपल्या स्टुडिओतून मागे शिक्का मारल्याशिवाय एकही फोटो बाहेर गेलेला नाही. मला आता शिक्का मारताना बघावंही लागत नाही.

माझा डावा कान पूर्ण गेला आहे, उजव्यानं फोनवरचं कळत नाही, त्यामुळे फोन करू नये. सृष्टी शुगर तपासायच्या मागे लागली आहे. चुका सुधारून पाठव. बाकी मायेत काही कमी नाही हे तुला माहीत आहे.

तुझा,
दादा


मलकापूर
१४ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र तीन वेळा वाचलं. दोनदा रागानं आणि एकदा काही बरं लिहिलंय का ते शोधायला. पुठ्ठा चांगला वापरला, एवढं सापडलं.

मी बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. लाल शाईनं पान रंगवायची, पण शेवटी एक ओळ लिहायची, अमुक वाक्य मला आवडलं. ती ओळ खोटी लिहिली नाही कधी. नसेल काही आवडण्यासारखं तर हस्ताक्षराला चांगलं म्हटलं. दादा, तू मला सहा फोटोंच्या सहा चुका सांगितल्यास आणि त्या सगळ्या खऱ्या आहेत. नदी सांडते आहे, खांब उगवला आहे. पण त्यातल्या एकाही फोटोपाशी तू थांबलास का, ते लिहिलं नाहीस. मला तेच विचारायचं होतं.

पातेलं घासणाऱ्या त्या रंगूबाई. आमच्या शाळेत एकवीस वर्षं खिचडी शिजवतात. फोटो त्यांना दाखवला, तर पदराला हात पुसून त्यांनी तो हातात घेतला. मग म्हणाल्या की बाई, ह्यात मी दमल्यागत दिसत न्हाई, रागात दिसती, आन ते खरं हाय, कुनाला सांगू नगा. असं कुणी माझ्या फोटोबद्दल आजवर बोललं नव्हतं. आणि तुला तिथे माझी सावली दिसली. ती सावली मी मुद्दाम ठेवली आहे. मी समोर उभी होते म्हणून त्यांनी तसं बघितलं. मला त्यातून काढलं तर त्या कुणाकडे बघतायत?

तरी तू सांगितलंस म्हणून चार फोटो पुन्हा काढले. रंगूबाईंना पुन्हा बसवलं, या खेपेस मी सावलीतून, बाजूनं काढला. त्या कुरकुरल्या की एकदा झाला की वो फोटू, पातेलं किती डाव घासू. मागे नावही लिहिलं आहे, शाळेतल्या अक्षरात.

माझा राग आहे, तो पत्रातून जाणवू नये म्हणून दोन दिवस थांबले होते. जमलं नाही. उत्तर लवकर दे आणि काही आवडलं तर तेही लिहायला पेन झिजवावं.

तुझी,
चंदा


मिरज
२८ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. चंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग जाणवला. लहानपणी रुसलीस की भाकरीची कड तोडून ठेवायचीस, तशी प्रत्येक ओळीची कड तुटलेली होती.

चारही फोटो परत पाठवतो आहे. मागे ‘पुन्हा’ आहे. घाट सरळ झाला, तो आता सरळ आणि कंटाळवाणा आहे. खांब गेला, पण जावईबापू फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे बसलेत. रंगूबाईच्या फोटोतून सावली गेली, उजेड बरोबर आहे, काळं-पांढरं बरोबर आहे, आणि तरी तो पहिल्यापेक्षा वाईट आहे. का ते मला सांगता येत नाही. मी सांगितलं तसंच तू केलंस.

मंडळाचे लोक परवा येऊन गेले. नव्या दालनासाठी त्यांच्याकडे चाळीस जणांचे फोटो आलेत, त्यात कॉलेजातली मुलं आहेत, चांगलं काम करतात. बहीण म्हणून नको असं तूच लिहिलंस. तेव्हा मन घट्ट करून लिहितो, या वर्षी थांब. अजून वर्षभर हात बसू दे.

सोबत अंबूबाईच्या फोटोची एक प्रत पाठवतो. माझ्या दालनात तोच सगळ्यात पुढे लागणार आहे. तुला तो पाठ असेल. पण स्टुडिओच्या शोकेसमध्ये काचेमागे बघणं वेगळं आणि हातात घेऊन बघणं वेगळं. तंबोरे करणाऱ्यांच्या अंगणात वाळत घातलेले भोपळे, मध्ये तिथे कामाला असलेली ती. पंच्याहत्तर साली मी एकवीस वर्षांचा होतो. दोन्ही गुडघे चिखलात टेकून काढला होता. तेव्हापासून मिरजेत लोक येतात आणि असाच काढा म्हणतात. त्यात काय आहे ते शोध आणि मला लिहून पाठव. मी तुझ्या फोटोंना नावं ठेवतो, तू माझ्या फोटोंना ठेव. शिकण्याची तीच रीत आहे.

दिवाळीला येणं जमणार नाही. निर्वाण लाडू सृष्टी पाठवेल, ते पोचल्याचं तिला फोनवर सांग. राग विरघळल्यावर पत्र लिही.

तुझा,
दादा


मलकापूर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

लाडू पोचले. राग विरघळलेला नाही.

आधी सावली काढ म्हणालास, काढली तर फोटो वाईट झाला म्हणतोस, आणि का ते सांगता येत नाही म्हणतोस. मी एखाद्या मुलाला असा शेरा दिला असता तर त्याचे वडील हेडमास्तरांकडे आले असते. वर्षभर थांब हे लिहायला सोपं आहे. मी एकोणपन्नास वर्षं थांबलेच आहे.

असो. अंबूबाईच्या फोटोला नावं ठेव म्हणालास ना, आठ दिवस तो स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा करून बघितला. आता ऐक.

भोपळ्यांच्या सावल्या बघ. सगळ्या आपल्यापासून लांब, अंगणाच्या मागच्या भिंतीकडे पडल्या आहेत. म्हणजे सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे होता. सकाळची वेळ, सावल्या लांब. मग काढणाऱ्याची सावली कुठे आहे? ती खाली, पुढच्या भोपळ्यांच्या अलीकडे असायलाच हवी. नाही, कारण तू ती कापलीस. फोटो वरून मोकळा आहे आणि खालून आखूड आहे, पुढचे भोपळे अर्धे कापले गेलेत. तुझ्या सगळ्यात गाजलेल्या फोटोत तीच चूक आहे जी माझ्या तीन फोटोंत आहे. फरक इतकाच की माझ्याकडे कात्री नव्हती.

दुसरं, अंबूबाई हसते आहे, पण तिची नजर खाली आहे. एखाद्या लहान मुलाकडे बघावं तशी. तू गुडघे टेकले होतेस म्हणून असेल. पण तुझ्याकडे बघून बायका अशा हसत नसत. तू फोटो काढायला लागलास की लोक पदर सारखा करून ताठ बसायचे, मला आठवतं.

आता एक गोष्ट, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. रोल जळाला त्या दिवशी भोपळ्यांच्या अंगणात तुझी पिशवी धरायला मी बरोबर होते. तू कॅमेऱ्यात नवा रोल भरलास आणि तंबोऱ्याच्या कारखान्याच्या मालकांकडे चहाला आत गेलास. तेवढ्या वेळात मी कॅमेरा पोटाशी धरला, वरच्या काचेत बघितलं आणि तीन फोटो काढले. अंबूबाईचेच. तिनं सांगितलं की फोटू काढायचा तर काढ, पन भोपळ्यास्नी पाय लावू नगंस. कॅमेरा जसाच्या तसा ठेवला. नंतर उरलेला रोल तू काढलास. माझे कसे आलेत ते बघावं म्हणून संध्याकाळी मी झाकण उघडलं. तुझे फोटो बघायला उघडलं नव्हतं, दादा, माझे बघायला उघडलं होतं. पुढे तू अंबूबाईचा हा फोटो शोकेसमध्ये लावलास, तेव्हा मला वाटलं की नंतर कधी तरी जाऊन तू काढलास आणि माझ्या जळालेल्या फोटोंपेक्षा किती चांगला काढलास. त्या काचेसमोर उभी राहून मी रडले आहे.

तर आता एक कर. निगेटिव्ह तुझ्याकडे असणारच, तू बसची तिकिटंसुद्धा जपून ठेवतोस. ते न कापता पूर्ण छाप. तुझी सावली त्यात कशी पडली आहे ती मला बघायची आहे. ती दाखव, मग मी माझी सावली काढेन आणि वर्षभर काय, दहा वर्षं थांबेन.

हे म्हणतात की एवढं कडक लिहू नकोस, त्याचं वय झालंय. माझंही झालंय. रागासकट लोभ आहे, हे काही नवीन नाही.

तुझी,
चंदा


मिरज
२४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्यांना,
सृष्टीचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहिलं हे बाबांना कळू देऊ नका. फोनवर बोलता आलं असतं, पण मी बोलायला लागले की ते जिन्यात येऊन उभे राहतात. धड ऐकू येत नाही, तरी येतात.

तुमचं पत्र आल्यावर पहिले दोन दिवस ते तुमच्यावर चिडून होते. म्हणाले की चंदाला दाखवतोच. मुंबईहून फोटोचा कागद मागवला, चार दिवसांनी आला. मंगळवारी सकाळी डार्करूममध्ये गेले ते जेवायला बाहेर आले नाहीत. चार वाजता आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं शुगर कमी झाली, पण तपासली तर बरोबर होती. काल जुना अल्बम काढायला लावला आणि विचारलं की चंदाचा शाळेतला फोटो आहे का, दोन वेण्या वर बांधलेला. तो सापडला तर तासभर भिंग लावून बघत बसले.

मंडळाचे लोक दोनदा येऊन गेले, त्यांना भेटले नाहीत. प्रदर्शन तोंडावर आलंय आणि हे असं. आत्या, तुमचं काय भांडण असेल ते असो, पण एक पत्र मायेनं लिहा. मला काय करावं ते सुचत नाही.

तुमची,
सृष्टी


मिरज
३० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. चंदास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

निगेटिव्ह सापडलं. माझी सावली तुला दाखवायची आणि मग सांगायचं की बघ, होती, मी ती कापली, म्हणून फोटो उभा राहिला. हेच ठरवून फोटो मोठा करायच्या एन्लार्जरला लावलं. कडा झाकल्या नाहीत, पूर्ण छापलं. तुला डार्करूममध्ये कधी नेलं नाही म्हणून सांगतो, कागद पाण्यात, म्हणजे डेव्हलपरमध्ये टाकला की जे सगळ्यात काळं असतं ते आधी उमटतं. भोपळे नंतर येतात, चेहरा सगळ्यात शेवटी. कागद ट्रेमध्ये हलवत होतो आणि अंबूबाई यायच्या आधी खालच्या कडेला एक सावली आली. मान खाली घातलेली, दोन्ही कोपरं बाहेर, आणि डोक्याच्या दोन बाजूंना वर बांधलेल्या दोन वेण्या. एका वेणीच्या रिबिनीचं टोक सुटलेलं आहे. सगळ्यात आधी तू उमटलीस.

मी आणखी दोन प्रती काढल्या. तिन्हींत तूच होतीस.

रोल कसा होता ते आता कळतं. काढलेले फोटो रिळावर गुंडाळत जातात, पहिले आत, नंतरचे बाहेर. तू झाकण उघडलंस तेव्हा बाहेरचे जळाले. ते माझे होते. आत राहिले ते तुझे. तीन फोटो वाचले होते आणि ते माझेच पहिले तीन, असं मी धरलं. धरलं म्हणण्यापेक्षा धरून चाललो. पहिल्या छपाईला खाली कुणाची तरी सावली आहे एवढं दिसलं होतं. निगेटिव्हमध्ये ती पांढरी दिसते. फोटोग्राफरची सावली म्हणजे चूक, म्हणून दोन बोटं खालचा भाग झाकून टाकला. नीट बघितलं नाही, की बघायचं नव्हतं, ते आता मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

एक मात्र सांगता येतं आणि तेच लिहायला इतके दिवस लागले. अंबूबाईला तिची प्रत द्यायला मी गेलो होतो. तिनं बघितला आणि विचारलं की आवं, त्या पोरीनं काढल्याला फोटू ह्योच का. मी म्हटलं की तिचे सगळे जळाले. तर म्हणाली की मग ह्यात मी हासलीया कुनाकडं बगून, तुमी आलासा तवा मी पाठमोरी बसलेली. मी हसण्यावारी नेलं. ते गुडघे चिखलात टेकल्याचं मी कधीपासून सांगायला लागलो, आठवत नाही. सांगून सांगून ते मला आठवायला लागलं होतं. त्या फोटोवर लोकांनी मला ओळखलं, मंडळानं सत्कार ठरवला, आणि तू गॅदरिंगचे फोटोसुद्धा दुसऱ्या बाईंना काढायला लावायचीस.

दरवर्षी तुला कार्ड पाठवतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर. यातलं निम्मं कळत होतं. चंदा, भाद्रपद नसला तरी क्षमा मागतो आहे, या एका गोष्टीची.

नव्या दालनाची निवड मी आता करत नाही, मंडळाला तसं कळवलं आहे. दुसरे दोघे करतील. तुझा रंगूबाईचा पहिला फोटो, सावलीवाला, त्यांच्याकडे तुझ्या हातानंच पाठव. तो चांगला आहे. तो पहिल्याच दिवशी चांगला होता आणि मी त्याच्यापाशी थांबलो होतो. त्यात काय आहे ते मला कळलं नाही म्हणून सावलीवर बोट ठेवलं.

अंबूबाई पूर्ण छापून सोबत पाठवली आहे. खोट काढायला दोन दिवस बसलो, निघाली नाही. प्रदर्शनात हाच लागेल, तुझ्या नावानं, आणि उद्घाटनाला माइकवर मी सांगेन. तू यावंस. नाही आलीस तर समजून घेईन.

आता लोभ असावा असं लिहायचं मला धाडस होत नाही.

तुझा,
दादा


मलकापूर
८ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पाकीट मंगळवारी आलं. मी ते गॅसच्या ओट्यावरच उघडलं आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते समजलं नाही. यांनी येऊन गॅस बंद केला.

फोटो बघितला. पुढचे भोपळे पूर्ण गोल आहेत, आणि त्यांच्या अलीकडे मी आहे. रिबिनीचं टोक सुटलेलं, आई रोज ओरडायची त्यावरून. अंबूबाई माझ्याकडे बघून हसते आहे. माझ्या शाळेत चार हजार मुलं शिकून गेली असतील, त्यातल्या एकाच्याही हातून मी वस्तू हिसकावून घेतली नाही, पण का घेत नव्हते ते मला या मंगळवारी कळलं.

मला राग आलाय दादा, आणि तो तुझं वय बघून कमी होत नाही. धपाट्याचा नाही. रोल जाळल्याचा गुन्हा खरा होता, तो मी केला होता. पण अंबूबाईनं तुला विचारलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तू एवढं म्हणाला असतास की चंदे, तुझे तीन वाचलेत. एवढंच. मग पुढे तू तो शोकेसमध्ये तुझ्या नावानं लावला असतास तरी मी गल्लीभर मिरवले असते.

क्षमा मागितलीस. आपल्याकडे मागितली की द्यावी लागते, आणि मीही दरवर्षी देतेच, कार्ड न वाचता. या वेळी पत्र वाचलंय, त्यामुळे वेळ लागेल. देणार नाही असं म्हणत नाही.

रंगूबाईंचा फोटो मंडळाकडे मी टपालानं पाठवला, सावलीसकट, मागे नाव लिहून. लागला तर लागला. तू त्याच्यापाशी थांबला होतास ही ओळ वाचून मला जो आनंद झाला त्याचा मला फार राग आला. ती ओळ पहिल्याच पत्रात लिहायला काय झालं होतं? रंगूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या की भावाला म्हनावं, बाईमानसाला आदी बरं बोलावं, मग काय त्ये बोलावं.

अंबूबाईचा फोटो मात्र तुला परत पाठवते आहे. तू म्हणतोस खोट निघाली नाही. मी बत्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, मला पान उलटून मागचं बघायची सवय आहे. बघितलं. जांभळ्या शाईत, नेहमीच्या जागी, अगदी सरळ, तुझा शिक्का आहे. मगदूम फोटो स्टुडिओ, मिरज. छायाचित्रकार: मदन मगदूम.

तू मुद्दाम मारला नाहीस हे मला माहीत आहे. शिक्का मारताना तुला बघावं लागत नाही. पंच्याहत्तर साली पण बघितलं नसणार.

तेव्हा आणखी एक प्रत काढ. कागद महाग असला तरी काढ. मागे तुझ्या हातानं माझं नाव लिही, बघून लिही, आणि मग पाठव. ती पोचली की मी सांगलीला येईन, आणि तू माइकवर बोलताना पहिल्या रांगेत बसेन.

डावीकडे ऐकू येत नसेल तर मी उजवीकडे बसेन. तब्येत जप, सृष्टीचं ऐक.

तुझी,
चंदा

ता. क. शिक्क्याखाली निळ्या पेन्सिलीनं मी एक शब्द लिहिला आहे. अक्षर थोडं वाकडं आलंय, पहिल्यांदाच लिहिला.
पुन्हा.